झांझिबारच्या स्टोन टाउनला पहिल्यांदा जाताना

पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यालगतच्या झांझिबार बेटावर जाणारे बहुतेक जण समुद्रासाठी जातात. उत्तरेला नुंग्वी, पूर्वेला पाजे, तिथली पांढरी वाळू आणि हिरवंनिळं पाणी. स्टोन टाउनच्या वाट्याला परतीच्या विमानाआधीची एक रात्र येते. माझा आग्रह आहे की हे उलटं करा. उतरल्यावर आधी तीन रात्री या जुन्या बंदरात काढा, किनाऱ्यावर मग जा. मुंबईशी, कोकणाशी, आपल्या मसाल्याच्या डब्याशी नातं सांगणाऱ्या कितीतरी गोष्टी या गल्ल्यांमध्ये आहेत आणि एका दुपारच्या फेरीत त्या दिसत नाहीत.

बेटाचं स्थानिक नाव उंगुजा. स्टोन टाउनला तिथले लोक म्जी म्कोंग्वे, म्हणजे जुनं गाव, म्हणतात. २००० साली ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. गाव मात्र राहतं आहे. वरच्या मजल्यावर कपडे वाळत असतात, खाली मदरशातून मुलांचं पाठांतर ऐकू येतं. आपण कुणाच्या तरी वाड्यातून चाललो आहोत, हे पहिल्या पावलापासून लक्षात ठेवा.

आधी वारा, मग तिकीट

कधी जायचं, हे इथे शेकडो वर्षं वाऱ्यानेच ठरवलं आहे. साधारण डिसेंबर ते मार्च ईशान्येकडून वारा येतो, तो कास्काझी. त्याच्या जोरावर कच्छ, सुरत, मुंबई, मस्कतहून शिडाची जहाजं इथे यायची. एप्रिलनंतर वारा फिरतो आणि दक्षिणेकडून कुसी वाहू लागतो. त्यावर स्वार होऊन ती परत जायची. मधले महिने व्यापारी इथेच अडकून पडत. कुणी दुकान टाकलं, कुणी लग्न केलं, कुणी परतलंच नाही. स्वाहिली भाषा, स्वयंपाक आणि घरं या सगळ्यावर या मुक्कामांचा ठसा आहे.

आजच्या प्रवाशाने एवढंच धरून चालावं: मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत मोठा पाऊस, त्याला मासिका म्हणतात. तेव्हा जाऊ नका. नोव्हेंबर-डिसेंबरात छोटा पाऊस असतो, वुली. तो सरींचा असतो, सहन होतो. जून ते ऑक्टोबर कोरडे आणि बरे थंड. आपल्याकडे छत्र्या उघडतात तेव्हा तिथे आकाश मोकळं असतं, त्यामुळे पावसाळ्यात रजा मिळणाऱ्यांची चांगली सोय होते. रमजान कधी येतो तेही बघून घ्या. तो महिना टाळाच असं नाही, संध्याकाळी रोजा सुटल्यावरची गजबज बघण्यासारखी असते. पण दिवसा बरीचशी खाणावळी बंद असतात आणि रस्त्यात खाणंपिणं अत्यंत अनुचित समजतात.

कागदपत्रं

झांझिबार टांझानियाचा भाग आहे, त्यामुळे व्हिसा टांझानियाचा. टांझानियाच्या इमिग्रेशन खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच अर्ज करा. सरकारीसारखी दिसणारी खाजगी संकेतस्थळं बरीच आहेत आणि ती जादा पैसे घेतात. पासपोर्टची मुदत सहा महिने तरी उरलेली असू द्या. ऑक्टोबर २०२४पासून परदेशी पाहुण्यांना झांझिबारच्या सरकारी विमा कंपनीचा प्रवास विमा सक्तीचा झाला आहे. तो सुरू झाला तेव्हा त्याचा दर ४४ डॉलर होता. घरून काढलेला विमा त्याऐवजी चालत नाही. गंमत म्हणजे स्वाहिलीतही विम्याला बीमाच म्हणतात.

पिवळ्या तापाच्या लशीचा विचार आधीच करा. नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे जाणार-येणार असाल तर लस घेतल्याचा दाखला, म्हणजे पिवळं कार्ड, तुमच्याकडून मागितला जाऊ शकतो, जाताना तिथे आणि परतताना आपल्या विमानतळावरसुद्धा. लस सरकारने नेमलेल्या केंद्रावरच मिळते आणि घेतल्यापासून १० दिवसांनी ग्राह्य धरली जाते. म्हणून ती शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. डासांपासून बचाव आणि मलेरियाच्या गोळ्यांबद्दल आपल्या डॉक्टरांशी बोला.

डॉलर नेणार असाल तर नव्या छपाईच्या, न चुरगळलेल्या नोटा न्या. २००६ आधीच्या नोटा बहुतेक जण नाकारतात. रोजच्या खर्चाला टांझानियन शिलिंगच वापरा. प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, सामानात कापडी पिशव्या ठेवा. भिंतीतला प्लग तीन चौकोनी पिनांचा, इंग्लंडसारखा. त्याचा अ‍ॅडाप्टर इथूनच घेऊन जा.

पोहोचणं आणि घर शोधणं

विमानतळ गावापासून पाचसात किलोमीटरवर आहे. दार-ए-सलामहून बोटीनेही येता येतं, साधारण दोन तास लागतात. बोट लागणाऱ्यांनी कुसीच्या जोराच्या दिवसांत गोळी घेऊनच चढावं. तरीही पहिल्यांदा जाणाऱ्याने शक्य असेल तर बोटीनेच यावं असं मला वाटतं. हे गाव समुद्राकडून बघण्यासाठीच बांधलेलं आहे. सुलतानाचे पांढरे वाडे, जुना दवाखाना, मशिदींचे मनोरे, सगळं पाण्याकडे तोंड करून उभं आहे. मुख्य भूमीवरून आलात तरी धक्क्यावर पासपोर्ट तपासतात, तो हाताशी ठेवा.

टॅक्सी गल्ल्यांत शिरत नाही. ती तुम्हाला कडेला सोडते आणि पुढे पायी. म्हणून मुक्कामाच्या जागी आधीच कळवून ठेवा आणि न्यायला माणूस मागवा. धक्क्यावर किंवा रस्त्यात बॅग उचलायला धावणारी जी पोरं असतात त्यांना स्थानिक लोक ‘पापासी’ म्हणतात, म्हणजे गोचीड. ती बहुधा निरुपद्रवी असतात. ‘हापाना, असांते’ (नको, धन्यवाद) एवढं शांतपणे म्हणा आणि चालत राहा. चिडलात की बोलणं वाढतं.

खोली घेताना दोन गोष्टी विचारा: किती जिने चढायचे आणि खिडकी कुठे उघडते. जुन्या घरांचे जिने उभे आणि अंधारे असतात, सोबत आईवडील असतील तर हा प्रश्न आधीच सोडवलेला बरा.

घड्याळ सहा तासांनी फिरवा

ही पायरी चुकली तर बोट चुकते. स्वाहिली दिवस सूर्योदयाला सुरू होतो. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा ‘सा मोजा’, पहिला तास. नऊ म्हणजे ‘सा तातू’, तिसरा. दुपारचा एक म्हणजे ‘सा साबा’, सातवा. विषुववृत्ताजवळ दिवस बारमाही जवळपास सारखाच असल्याने हा हिशेब तिथे अगदी सरळ आहे. इंग्रजीत बोलताना लोक आपल्यासारखीच वेळ सांगतात, पण बोलता बोलता भाषा बदलली की घोटाळा होतो. पहिल्याच सकाळी आम्ही नावाड्याशी ‘सा तातू’ ठरवलं, ते तीन समजून दुपारी गेलो, आणि तो बिचारा सकाळी नऊपासून तासभर थांबून परतला होता. चूक आमची होती. तेव्हापासून वेळ ठरवताना मी घड्याळावर बोट ठेवून दाखवतो. भारताच्या मागे अडीच तास, हे वेगळंच.

पहिली सकाळ: नकाशा खिशात

न्याहारी झाली की निघा आणि हरवा. भीती बाळगण्याचं कारण नाही. जुनं गाव जेमतेम ९६ हेक्टरचं आहे. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला क्रीक रोड. पूर्वी तिथे खाडी होती, ती बुजवून रस्ता झाला. कुठल्याही गल्लीतून सरळ चालत राहिलात तर दोन्हींपैकी एक लागतंच. अंधार पडल्यावर मात्र सामसूम गल्ल्यांपेक्षा वर्दळीचा रस्ता धरा.

घरं प्रवाळाच्या दगडाची आणि चुन्याची. छताला खारफुटीचे वासे, त्यांना बोरिती म्हणतात. या वाशांची लांबी जेवढी मिळते तेवढीच खोली रुंद होऊ शकते, त्यामुळे खोल्या लांबट आणि अरुंद. हे कळल्यावर घराघराचा आराखडा आपोआप समजू लागतो. चुन्याची भिंत श्वास घेते. जिथे कुणी वरून सिमेंट थापलंय तिथे ओल आत कोंडून पोपडे धरलेले दिसतील.

मग दारं बघा, घाई न करता. सरळ चौकटीवर अरबी अक्षरं आणि वेलबुट्टी कोरलेली ती ओमानी धाटणीची. वर कमान असलेली किंवा चौकोनी फळ्यांची घडीची दारं हिंदुस्थानी वळणाची, बरीचशी गुजराती कारागिरीची. चौकटीवर खाली मासा, कडेने साखळी, कमळ, खजुराचं झाड दिसतं. काही दारांवर पितळेचे मोठे टोकदार खिळे आहेत. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा पाहिलेल्या माणसाला हे खिळे कशासाठी ते सांगावं लागत नाही. या बेटावर हत्ती कधी चालून येणार नव्हता, तरी घराच्या ऐटीसाठी खिळे आले. मोठ्या दारात छोटा दिंडी दरवाजाही सापडेल. दाराचा फोटो घ्या, पण दार उघडं असेल तर आत कॅमेरा रोखू नका. माणसांचा फोटो विचारूनच.

भिंतीलगत दगडी ओटे दिसतील, त्यांना बराझा म्हणतात. पावसात गल्लीत पाणी आलं की याच ओट्यांवरून चालतात, एरवी म्हातारी माणसं तिथे बसून गप्पा मारतात. तुम्हीही बसा. मात्र आधी वडीलधाऱ्यांना ‘शिकामू’ म्हणा. हा त्यांचा नमस्कार, लहानाने मोठ्याला करायचा. उत्तर येतं ‘मराहाबा’. परदेशी माणसाच्या तोंडून शिकामू आलं की समोरचा चेहरा कसा खुलतो ते बघण्यासाठी तरी हा एक शब्द पाठ करून जा. कुणाच्या घरी गेलात तर उंबऱ्याबाहेरून ‘होडी’ अशी साद घालायची आणि आतून ‘कारिबू’ आलं की पाय टाकायचा.

बाकी भाषा तुम्हाला थोडी आधीच येते. दुकान ते ‘दुका’, गाडी ती ‘गारी’, पैसा तो ‘पेसा’, साबण तो ‘साबुनी’, लाख तो ‘लाकी’, बंदर ते ‘बंदारी’. छोट्या नावेला ‘मशुआ’ म्हणतात, आणि आपल्या किनाऱ्यावरच्या मचव्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

कपड्यांचं एकदाच सांगतो: खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, स्त्री-पुरुष दोघांचेही. बेटावरचे बहुसंख्य लोक मुसलमान आहेत. किनाऱ्यावरचा पोशाख गावात घालून हिंडणं त्यांना दुखावतं, ते तोंडावर बोलत नाहीत एवढंच.

गुलामांच्या बाजाराची जागा

दुसरा दिवस यासाठी मोकळा ठेवा आणि त्याच दुपारी दुसरं काही ठरवू नका. क्रीक रोडजवळ अँग्लिकन कथीड्रल आहे. पूर्व आफ्रिकेतल्या मोठ्या गुलाम बाजारांपैकी एक इथे भरत असे. मुख्य भूमीच्या आतल्या भागातून पकडून आणलेली माणसं इथे विकली जात. १८७३ साली तो बंद झाला आणि त्याच जागेवर चर्चची पायाभरणी झाली. आवारात एक चौकोनी खड्डा आहे, त्यात गळ्यात साखळी असलेल्या माणसांच्या आकृती, क्लारा सोर्नास या स्वीडिश शिल्पकर्तीने घडवलेल्या. शेजारच्या इमारतीखाली दोन बुटक्या खोल्या दाखवतात, माणसं तिथे डांबून ठेवत असं तिथे सांगितलं जातं. प्रदर्शनातले फलक शांतपणे वाचा. आवारातला अधिकृत मार्गदर्शक घेतलेला चांगला.

आपल्यासाठी या जागेचा आणखी एक पदर आहे. बाजार बंद करण्याच्या वाटाघाटींसाठी झांझिबारचा सुलतान बरघाश याच्याकडे आलेला बार्टल फ्रेअर हा आधी मुंबईचा गव्हर्नर होता. सुलतानाने आधी नकार दिला, मग नाविक नाकेबंदीच्या धमकीपुढे जून १८७३मध्ये करारावर सही केली. आणि ज्या काफिल्यांनी माणसं आणि हस्तिदंत आणलं, त्यांना भांडवल पुरवणाऱ्यांत आपल्याकडचे व्यापारी होते. कच्छी भाटिया जयराम शिवजींच्या पेढीकडे तर बंदराच्या जकातीचा मक्ता कैक वर्षं होता. हिंदी व्यापाऱ्यांनी स्वतःही गुलाम बाळगले होते. इथल्या भारतीय खुणा शोधताना हा भाग वगळायचा नाही, असं मी ठरवलं आहे, आणि तुम्हालाही तेच सुचवतो. बाजार उठला तरी बेटावरची गुलामी कायद्याने संपायला १८९७ साल उजाडलं.

पाण्याकाठची ओळ

तिसऱ्या दिवशी समुद्राकाठाने चाला. जुना किल्ला पोर्तुगीजांना घालवल्यावर ओमानी अरबांनी बांधला. शेजारचा बैत अल-अजाईब, म्हणजे नवलवाडा, सुलतान बरघाशने १८८३मध्ये उभारला. तरुणपणी भावाविरुद्ध बंड केल्याबद्दल याच बरघाशला ब्रिटिशांनी दोनेक वर्षं मुंबईत ठेवलं होतं. पुढे सुलतान झाल्यावर त्याने गावात नळाचं पाणी आणलं. मुंबईत काय काय पाहून गेला असेल, असं मला तिथे उभं राहिल्यावर दर वेळी वाटतं. डिसेंबर २०२०मध्ये या वाड्याचा एक भाग कोसळला आणि माणसं दगावली, तेव्हापासून तो दुरुस्तीत आहे. जाण्याआधी चौकशी करा. याच किनाऱ्यावर २७ ऑगस्ट १८९६ला ब्रिटिश नौकांनी सुलतानाच्या वाड्यावर तोफा डागल्या आणि सुमारे ३८ मिनिटांत लढाई संपली.

थोडं उत्तरेला जुना दवाखाना, लाकडी कोरीव सज्जांचा. थारिया तोपन या खोजा व्यापाऱ्याने राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवासाठी १८८७मध्ये त्याचा पाया घातला. माझ्या मते गावातली ही सर्वांत देखणी इमारत. तिच्यापुढे निदान एकदा सकाळच्या उन्हात उभे राहा. शांगानी भागात केन्याटा रोडवर क्वीन या रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचं छोटं संग्रहालय आहे. फारोख बुलसारा या नावाने तो इथल्या पारशी कुटुंबात १९४६ला जन्मला आणि शाळेला पाचगणीत होता. संगीताची आवड असेल तर जा, नसेल तर तो वेळ कॅथलिक कथीड्रलला द्या. गोव्याहून आलेली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या तिथे प्रार्थनेला जमत आली.

खाणं

शाकाहारी माणूस इथे उपाशी राहत नाही. ‘बिला न्यामा, बिला समाकी’ म्हणजे मांस नको, मासा नको. ‘बिला मायाई’ म्हणजे अंडं नको. कोंबडीसाठी ‘कुकू’ हा शब्द वेगळा सांगावा लागतो, कारण न्यामात ती धरत नाहीत. नारळाच्या दुधातला भात आणि तसाच घेवडा, माठासारखी पालेभाजी म्चिचा, चपाती, आणि सोबत कांदा-टोमॅटोची कचुंबारी, जी नावासकट आपली कचुंबर आहे. सकाळी वितुंबुआ शोधा: तांदूळ-नारळाचे गोड आप्पे, अगदी तसल्याच खळग्यांच्या तव्यात केलेले.

गावाचा खरा पदार्थ मात्र उरोजो. हळदीचं आंबटसर पातळ सार, त्यात बटाटा, भजी (त्यांची ‘बाजिया’), कसाव्याचा कुरकुरीत चुरा, वरून नारळाची चटणी आणि तिखट. मांसाचे तुकडे नको म्हणून आधीच सांगा. भेळ आणि कढी यांच्या मधलं काहीतरी वाटतं आणि दुसऱ्या दिवशी परत खावंसं वाटतं.

संध्याकाळी फोरोधानी बागेत ठेले लागतात. मासे खाणाऱ्यांनी तिथे एक नियम पाळावा: आधी मांडून, मग परत परत गरम केलेलं घेऊ नका, निखाऱ्यावर समोर भाजून मागा आणि भाव आधी विचारा, ‘बेई गानी?’. आलं-लिंबू घालून काढलेला उसाचा रस अवश्य घ्या, बर्फाशिवाय. पाणी बाटलीतलंच प्या.

लवंग

दाराजानी बाजार १९०४चा. मसाले तिथेच घ्या, पण त्याआधी किझिंबानीकडच्या एखाद्या मळ्यावर अर्धा दिवस जाऊन या. जायफळाचं फळ झाडावर फुटलेलं आणि आतली लाल जायपत्री पाहिली की बाजारात काय बघून घ्यायचं ते कळतं. लवंग इथली मूळची नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आली आणि गुलामांच्या मेहनतीवर तिचे मळे वाढले. पुढे १९३७मध्ये लवंगेच्या व्यापारावर मक्तेदारी आणणारा कायदा झाला, तेव्हा तिथल्या हिंदी व्यापाऱ्यांच्या बाजूने काँग्रेसने भारतात झांझिबारी लवंगेवर बहिष्कार पुकारला होता.

घेताना कळी अखंड, टोकाची गोल बोंडी शाबूत आणि नखाने दाबल्यावर तेल सुटणारी हवी. शंख, शिंपले आणि प्रवाळ कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नका.

शेवटची संध्याकाळ कशासाठीही राखून ठेवू नका, फक्त जॉज कॉर्नरला जाऊन बसा. गल्ल्या एकत्र येतात तो हा चौक. भोवती बराझा, त्यावर सोंगट्या खेळणारे आणि राजकारण बोलणारे लोक. पितळी किटलीतून छोट्या कपात बिनदुधाची कडक कॉफी मिळते. तिच्यात साखर मागू नका, सोबत काशाता घ्या, ती शेंगदाण्याची किंवा नारळाची वडी, आपल्या चिक्कीची बहीण. पहिल्या कपाला कुणी बोलत नाही. दुसऱ्या कपाला शेजारचे आजोबा विचारतात, कुठून आलात. मुंबई म्हणालात की पुढचा कप बहुतेक तेच देतात.